१९५० च्या आसपासच्या अमेरिकन टीव्हीवरचे कॉमेडी स्टार कोण, आणि आज बघायचं तर सुरुवात कोणापासून करावी?

ल्युसिल बॉल. बाकीचे नंतर बघा, आधी तिची 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका लावा.

तसा टीव्हीचा पहिला मोठा स्टार मिल्टन बर्ल. १९४८ पासून एनबीसीवर दर मंगळवारी रात्री तो असायचा, लोक त्याला मिस्टर टेलिव्हिजनच म्हणायचे, १९५१ मध्ये तर चॅनलने त्याच्याशी चक्क ३० वर्षांचा करार केला. सिड सीझर पण जबरदस्त, शनिवारी दीड तास लाइव्ह, रिटेक वगैरे भानगडच नाही. पण लाइव्ह असल्यामुळे त्यांचं जे काही उरलंय ते बहुतेक किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेली कॉपी, ती इतकी धुरकट दिसते की नवीन माणूस पाच मिनिटांत बंद करतो.

ल्युसीचं तसं नाही. देझी आर्नाझ, तिचा खरा नवरा, क्युबाचा, सीबीएस चॅनलला तो पडद्यावर नवरा म्हणून पटेना, तेव्हा १९५० मध्ये दोघांनी गावोगाव स्टेज शो केले आणि लोकांना आपण आवडतो हे दाखवून दिलं. मग चॅनल म्हणे न्यूयॉर्कहून लाइव्ह करा, यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. शेवटी ३५ एमएम फिल्मवर, तीन कॅमेरे लावून, समोर प्रेक्षक बसवून शूटिंग करायचं ठरलं, खर्च वाढला म्हणून दोघांनी स्वतःचे पैसे कमी करून घेतले पण त्या बदल्यात फिल्मची मालकी आपल्या देझीलू कंपनीकडे ठेवली. मला तर या जोडप्याचं इथेच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. १५ ऑक्टोबर १९५१ ला पहिला भाग लागला, आणि आजही चित्र लख्ख दिसतं.

सगळ्यात आधी 'जॉब स्विचिंग' हा भाग बघा, १९५२ चा. ल्युसी आणि शेजारीण एथेल चॉकलेटच्या फॅक्टरीत कामाला लागतात, पट्ट्यावरून येणारं एकेक चॉकलेट कागदात गुंडाळायचं, एक जरी तसंच पुढे गेलं तरी नोकरी गेली. पट्टा जोरात सुटतो तशी ती आधी तोंडात कोंबते, मग ब्लाउजमध्ये, मग टोपीत, आणि सुपरवायझर येऊन बघते तर पट्टा साफ, म्हणून ती खूश होऊन वेग अजून वाढवायला सांगते! त्या क्षणी गाल फुगलेल्या ल्युसीचे डोळे बघा फक्त. माझ्या आईला इंग्रजी अजिबात येत नाही, हा सीन बघताना ती डोळे पुसत हसत होती.

त्यानंतर १९ जानेवारी १९५३ चा बाळाच्या जन्माचा भाग. ल्युसिलला खरंच दिवस गेले होते म्हणून ते गोष्टीतच आणलं, तरी 'प्रेग्नंट' हा शब्द बोलायला बंदी. तिचं खरं बाळही त्याच दिवशी जन्मलं, आणि तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला, दुसऱ्या दिवशीच्या, नवे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षा जास्त. एवढे दोन झाले की मग सिड सीझरकडे या, आवडला की धुरकटपणाचं काही वाटत नाही.