मार्जिनचा प्रश्न आणि तुझी खरेदीची बिलं

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल मिळालं. तालुक्याच्या केमिस्टांच्या बैठकीत ‘सरकारने आमच्या मार्जिनला हात लावू नये’ असा ठराव आला, सगळ्यांचे हात वर गेले आणि तुझा अर्ध्यातच थांबला, हे वाचून मला बरं वाटलं. व्यापाऱ्याच्या नफ्याला सरकारने मर्यादा घालावी का, असं तू विचारतेस. १९९० ते २०२१ मी मिरजेत मेडिकल चालवलं. कापड, सोनं, किराणा यांच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. औषधांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. मर्यादा हवी, पण आज आहे तशी नको.

वाद घालायला जाण्याआधी एक काम कर. गेल्या आठवड्याची खरेदीची बिलं काढ आणि वहीत प्रत्येक औषधापुढे दोन आकडे लिही: स्कीम (कंपनी वर फुकट देते तो माल) धरून तुला प्रत्यक्षात पडलेला दर आणि छापील किंमत. ज्या ब्रँडसाठी एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांकडे फेऱ्या मारतो, त्यात तुला साधारण वीस टक्के सुटतात आणि स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, दहा. त्यात काही वावगं नाही. मग जेनेरिकच्या, म्हणजे ज्यासाठी कोणी डॉक्टरांकडे फेऱ्या मारत नाही त्या मालाच्या, ओळी बघ. माझ्याकडे सर्दीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप साडेचार रुपयांना पडायची आणि तिच्यावर तीस रुपये छापलेले असायचे. पाच रुपये कमी करून दिली की गिऱ्हाईक आभार मानून जायचं. कित्येक वर्षं मी ते आभार घेतले. एमआरपी म्हणजे कमाल किंमत, तिच्याखाली कितीही उतरता येतं, हे आपल्याला ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला तो सरकारने ठरवलेला भाव वाटतो.

बैठकीत तुला सांगितलं असेल की बाजारात स्पर्धा आहे, महाग वाटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. साबणाच्या बाबतीत जाईल. औषधाचं नाव डॉक्टर लिहितात, कोणत्या कंपनीचा माल द्यायचा ते पुष्कळदा आपण ठरवतो आणि पैसे रुग्ण देतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याच्या हातात निवडच नाही. अशा धंद्यात कंपन्यांची स्पर्धा रुग्णासाठी चालत नाही, आपल्यासाठी चालते. जी कंपनी छापील किंमत जास्त ठेवून आपल्याला जास्त सोडेल, तिचा माल आपण पुढे करतो. स्पर्धा वाढली की भाव वाढतो, असा हा उलटा बाजार आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण हृदयाच्या स्टेंटचं, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीदार नळीचं. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ ला साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. प्राधिकरणाने आकडे जाहीर केले तेव्हा दिसलं की सगळ्यात मोठा वाटा कंपनीकडे नव्हता, वितरकाकडेही नव्हता. तो रुग्णालयांकडे जात होता आणि काही ठिकाणी ६५० टक्क्यांच्या वर होता. टेबलावर झोपलेल्या माणसाचे नातेवाईक भाव करत नाहीत, हे त्या साखळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची पाळी आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आणली गेली.

त्यानंतरचा निर्णय थेट आपल्या मार्जिनचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी मार्जिन ३० टक्क्यांपर्यंतच, असा आदेश निघाला. कंपनी स्टॉकिस्टला ज्या दराने देते तिथपासून छापील किमतीपर्यंत सगळ्यांचं मिळून तीस टक्के. तेव्हा एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीसाठी मी दरमहा गोळ्या मागवून देत होतो. नव्या किमतीचं पाकीट आलं तेव्हा सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि तीनदा विचारलं, “हे तेच औषध ना?” तेच होतं. कंपनी तीच, गोळी तीच. आधीच्या वर्षांत त्यांनी जो फरक भरला त्यातला काही भाग माझ्या गल्ल्यात आला होता. सरांना ते मी त्या दिवशी सांगू शकलो नाही. तुला सांगतोय.

आता आज आहे तशी का नको, तेही ऐक. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश एकदा स्वतः वाच. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाची कमाल किंमत काढताना ते औषध बनवायला किती खर्च येतो हे बघतच नाहीत. ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा एक टक्का किंवा जास्त आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या दरांची सरासरी काढतात आणि वर सोळा टक्के घालतात. म्हणजे महागडे ब्रँड ती सरासरी वर ओढतात, आणि चार रुपयांना माल देणारी कंपनी निवांतपणे त्या कमाल किमतीपर्यंत छापते. कागदावर दुकानदाराला सोळा टक्के, हातात पाचशे टक्के. शिवाय यादीतल्या औषधात दुसरं एखादं औषध मिसळलं की ते मिश्रण बहुतेकदा यादीबाहेर जातं. तुझ्या रॅकवर ताप, सर्दी, अंगदुखीची किती मिश्रणं आहेत ते मोज.

टक्केवारीतच आणखी एक खोट आहे. शंभराच्या औषधावर सोळा रुपये, हजाराच्या औषधावर एकशे साठ. स्ट्रिप काढायला, बिल करायला, ‘जेवणानंतर घ्या’ म्हणून समजावून सांगायला कष्ट तेवढेच लागतात. मग दुकानदार स्वस्त औषध पुढे का करील? जर्मनीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधासाठी दुकानदाराला खरेदीच्या तीन टक्के आणि शिवाय प्रत्येक पाकिटामागे ठरावीक रक्कम मिळते. २०१३ मध्ये ती ८ युरो ३५ सेंट केली होती. आपल्याकडे वीस रुपयांच्या स्ट्रिपवर एवढी रक्कम कोणी देणार नाही, देऊही नये. पण चिठ्ठीमागे थोडी ठरावीक रक्कम आणि वर अगदी कमी टक्केवारी, अशी रचना आपल्या संघटनेने स्वतः होऊन मागायला हवी. तुझ्या बैठकीत हे कोणी मांडलं असतं तर मी दोन्ही हात वर केले असते.

मर्यादा घातली की प्रश्न सुटला, असं मात्र मानू नकोस. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक ठरले. तीन पदरी मास्क दहा रुपये, दोनशे मिलिलिटर सॅनिटायझर शंभर रुपये. मला होलसेलमध्येच मास्क त्यापेक्षा महाग पडत होता. मी मागवणं बंद केलं, आणि ज्या दिवसांत लोकांना मास्कची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा माझ्या काउंटरवर ‘मास्क शिल्लक नाहीत’ अशी पाटी होती. पुढे घरोघरी शिवणयंत्रं चालू लागली, माल आला आणि भाव आपोआप उतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कांद्याच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ व्यापाऱ्याला २ टन अशी मर्यादा आली तेव्हा नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलावच थांबवले, आणि नुकसान ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं झालं. माल खरोखरच कमी असेल तर भावाला दाबून तो वाढत नाही. स्टेंटची टंचाई नव्हती. फरक तिथे आहे. (काही परदेशी कंपन्यांनी त्या वेळी आपले नवे स्टेंट भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली होती, तरी स्टेंटवाचून अँजिओप्लास्टी थांबल्या नाहीत.)

आपल्या बाजूचंही मांड. इन्सुलिनचा फ्रीज रात्रंदिवस चालतो. वीज गेली तर इन्व्हर्टर. एक्सपायरीचा सगळाच माल कंपनी परत घेत नाही. काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट पूर्ण वेळ हवा आणि त्याला धड पगार हवा. ऑनलाइनवाले वीस टक्के सूट देतात, पण रात्री अकरा वाजता दार वाजवणाऱ्याला लहान मुलाच्या तापाचं औषध ते देत नाहीत. यासाठी लागणारा पैसा मागायला लाजू नकोस. पण तो उघड माग, हिशेब दाखवून माग. साडेचारच्या स्ट्रिपवर तीस छापून तो चोरून घ्यावा लागतो, ही आपल्या धंद्याची नामुष्की आहे, आणि मी त्यात तीस वर्षं होतो म्हणून हे लिहिताना मला त्रास होतो आहे.

पुढच्या बैठकीत भाषण करू नकोस. तुझ्या वहीतल्या दहा ओळी वाचून दाखव, कंपनीचं नाव न घेता. लोक चिडतील. एक दोघं बैठक संपल्यावर बाजूला घेऊन म्हणतील, आमच्याकडेही असंच आहे. त्यांचे नंबर घे.

आणि दिवाळीत येशील तेव्हा ती वही आण. फ्रीजचं वीजबिल, एक्सपायरीत गेलेला माल आणि पगार वेगळ्या पानावर लिहून आण. एका चिठ्ठीमागे दुकानाला खरोखर किती रुपये लागतात ते आपण बसून काढू. माझ्या वेळचा आकडा मी काढून ठेवलाय, तुझ्याशी ताडून बघायचा आहे.

तुझा,
काका