'पार्डन' म्हणालात, इथेच फसलात!

"सुनेच्या माहेरी पहिल्यांदाच जेवायला गेलो," तुम्ही लिहिता, "नीट ऐकू आलं नाही म्हणून 'पार्डन?' म्हटलं, पुढे हात पुसायला 'सर्व्हिएट' मागितला, तर विहीणबाईंच्या आईने असं काही पाहिलं! तीस वर्षं इंग्लंडात काढून आपण गावंढळच का?"

ताई, गावंढळ असतात तर सुटला असतात. तुम्ही रीतभात जरा जास्तच मन लावून शिकलात. १९५४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषातज्ज्ञ ॲलन रॉस यांनी इंग्रज उच्चवर्गाच्या बोलीवर निबंध लिहिला. हा वर्ग आता पैशावरून किंवा शिक्षणावरून ओळखू येत नाही, ओळखू येतो तो भाषेवरून, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्डने (स्वतः लॉर्डची लेक!) तो विषय गाजवला. वरचे लोक साधं 'नॅपकिन' म्हणतात. आपला नॅपकिन बेसिनपाशी टांगलेला असतो, ते सोडा. ऐकू आलं नाही तर ते खुशाल 'व्हॉट?' विचारतात. 'पार्डन', 'सर्व्हिएट', 'टॉयलेट' हे फ्रेंच वळणाचे शब्द सभ्य दिसायला धडपडणाऱ्या मधल्यांचे. शाळेत आपल्याला 'मॅनर्स' म्हणून घोटून शिकवले, तेच हे!

त्या आजींवर तुमचा राग समजतो. पण ताजा कलम कुणी लिहिला हो? "धाकट्यासाठी स्थळ आलंय. मुलगी डॉक्टर आहे, पण घरात आनी-पानी बोलतात. पुढे जावं का?"

माझी आई पक्की पुण्याची, नवरा अमरावतीचा. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "काय करून राहिल्या, आई?" आई पदर तोंडाला लावून हसली, आणि मीही हसले. तो गुपचूप जाऊन पेपर वाचत बसला. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आला की तो 'पाणी' शब्दच टाळायचा; रिकामा पेला नुसता पुढे करायचा. आई आजारी पडली तेव्हा रात्री उठून तिला पाणी पाजणाराही तोच. आजही तो पेला आठवला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुलीला भेटा. तिच्या आईशी फोनवर पोटभर बोला, आणि 'ण' मोजू नका.

आणि हो, तुमच्या सासूबाईंना इकडे आणायचं विचारलंत, तर त्यांच्या व्हिसाचं वकिलाला विचारा. त्या आल्या की बाथरूममध्ये पाण्याचा मग ठेवा, म्हणजे झालं.