दिवाळीचा फराळ आणि ग्लूटेनचं पथ्य

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे. उन्हाळ्यात त्याला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन त्याच्या आतड्याला सोसत नाही, आणि गहू पूर्ण बंद झाला. आता त्याचं पोट बरंच ठीक आहे, पण दिवाळी तोंडावर आलीय. सासूबाई सांगलीहून डबे भरून फराळ आणणार आहेत. त्याच्यासाठी वेगळं काही केलं की तो हिरमुसतो. काय करू?

उत्तर : वेगळं करूच नका. यंदा घरातला सगळाच फराळ त्याला चालेल असा करा. तुम्हाला वाटतंय तेवढं हे अवघड नाही, कारण आपल्या फराळातला निम्मा भाग गव्हाशिवायच होतो. चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे, भाजणीची चकली, नारळाच्या वड्या. गहू असतो तो करंजी, शंकरपाळी, चिरोटे आणि रव्याच्या लाडवांत. उपासाचं कपाट उघडलंत तर आणखी सापडेल : राजगिऱ्याचे लाडू, वरीच्या तांदळाचा गोड सांजा, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. सत्यनारायणाच्या प्रसादाला रव्याऐवजी वरी भाजून घेतली तर देव काही रागावणार नाही.

खरी मेख लपलेल्या गव्हात आहे. सगळ्यात आधी हिंग बघा. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याचदा ते गव्हाचं असतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर यंदा हिंग वगळा. तयार शेव-फरसाणातही हिंग असतोच. थालीपिठाच्या विकतच्या भाजणीत गहू असतो. दुधात घालायच्या बऱ्याच चॉकलेटी पावडरींमध्ये बार्लीचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) असतं. तुमच्याकडे पाकिटावरच्या घटकांच्या यादीत गहू, बार्ली, राय ही नावं ठळक छापावी लागतात, हे सोयीचं आहे. अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं : तिथे अ‍ॅलर्जीच्या सूचनेत गहू येतो, बार्ली आणि राय येत नाहीत, त्यामुळे पूर्ण यादी वाचावी. ‘ग्लूटेन-फ्री’ असं लिहिलं असेल तर दोन्हीकडे मर्यादा एकच, किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत.

आता सासूबाईंचे डबे. इथे नाराजी होईल, पण स्पष्ट बोला. त्यांनी भाजणीत गव्हाचा दाणाही घातला नाही तरी ती दळून येते गिरणीतून. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झालेले असतात आणि जात्यात राहिलेलं पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतं. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य या आजारात चालत नाही. पोट दुखलं नाही तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होत राहते. त्यांना सांगा, फराळ आणू नका, नवा कोरा सोऱ्या आणा आणि इथे येऊन चकल्या करा. आजीच्या हातची चकली घरी समोर तळलेली मिळाली तर नातू डब्यातली विसरेल.

भाजणी घरीच करा. 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी मूग डाळ, 1 वाटी उडीद डाळ, मूठभर धणे, थोडं जिरं. सगळं आधी ताटात पसरून निवडा. डाळीत गव्हाचा एखादा चुकार दाणा सापडतो, म्हणून हे काम टीव्हीसमोर बसून नको, उजेडात करा. मग धुऊन, वाळवून, वेगवेगळं खमंग भाजा आणि गार झाल्यावर मिक्सरमधून थोडं थोडं काढा. चाळणी नवी घ्या. जुनीच्या जाळीतली कणीक धुऊनही निघत नाही. तेच लाकडी पोळपाट-लाटण्याचं. तळणीचं तेलही ताजं हवं, आधी त्यात पुऱ्या तळलेल्या नकोत. पीठ उकडीचं करा. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, नरम पडली तर आच चुकली.

करंजीचं काय? तांदळाच्या पिठाची तळलेली करंजी खुसखुशीत होते म्हणून कितीही कृती फिरत असल्या, तरी माझं मत विचाराल तर नको. ती फुटते, तेल पिते आणि मूल म्हणतं, ‘ही खरी नाही.’ त्यापेक्षा मोदकांबरोबर आपण उकडीची एक करंजी करतोच, तशा डझनभर करा. पारी तांदळाच्या उकडीची, सारण ओल्या नारळाचं. शंकरपाळी मात्र तिथे मिळणाऱ्या ग्लूटेन-फ्री पिठाची बरी होते. पिठात झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) नसेल तर वाटीमागे लहान चमचाभर इसबगोल घाला, पीठ अर्धा तास झाकून ठेवा आणि जाडसर लाटा.

अनारसे हौसेने करणार असाल तर एक आठवण : सिंगापूर आणि दुबईतल्या वाचकांनी भारतातून खसखस नेऊ नये, तिथे तिच्यावर बंदी आहे. वरून तीळ लावा.

पेढे-बासुंदीबाबत आहारतज्ज्ञांना विचारा. निदान नवं असताना आतडं पूर्ण सावरलेलं नसतं, त्यामुळे काही मुलांना काही महिने दूधही पचत नाही. ओट्सचंही तेच, विचारल्याशिवाय नको. आणि ज्यांच्या मुलाची तपासणी अजून व्हायची आहे त्यांनी हे वाचून गहू बंद करू नये. खाण्यात गहू नसेल तर रक्ततपासणीत आजार सापडत नाही.

राहिला मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. तिथे चिवड्याचा चमचा करंजीच्या ताटात आणि तिथून परत चिवड्यात जाणारच, कोणी कितीही पाट्या लावल्या तरी. घरून त्याचं ताट भरून न्या. तुम्ही दोघांनीही तेच खा, आणि डबा थोडा मोठा न्या. त्याचे मित्र चकली मागायला येतील.