जाग आहे, भान नाही: ‘बेशुद्ध’, ‘कोमा’ आणि ‘वनस्पतिवत’

प्रश्न असा आहे: डोक्याला मार लागलेल्या माणसाबद्दल पुण्यातली वर्तमानपत्रं आधी ‘बेशुद्ध’ लिहितात, मग ‘कोमात’, आणि कधी शेवटी ‘मेंदूमृत’. या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत का? आणि ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ला ‘वनस्पतिवत अवस्था’ म्हणावं का?

एकच जिना नाही, आणि ‘वनस्पतिवत’ तर मुळीच म्हणू नये.

आधी ‘बेशुद्ध’. फारसी ‘बे’ आणि संस्कृत ‘शुद्धि’ यांचा हा संकर. त्याच शब्दाला ‘अ’ लावला की लेखनाच्या चुका होतात आणि ‘बे’ लावला की माणूस आडवा होतो! शब्द उत्तम आहे, पण ढोबळ आहे. उन्हात रांगेत भोवळ येऊन पडलेला दोन मिनिटांनी उठतो, तोही बेशुद्धच. आणि अतिदक्षता विभागात तीन आठवडे डोळे न उघडणाराही बेशुद्धच.

वैद्यकाला लागणारी बारीक फोड मराठीत आधीपासून आहे: जाग आणि भान. ‘जागा आहे, पण भानावर नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि मेंदूच्या इजेनंतरच्या अवस्थांची सगळी विभागणी नेमकी याच जोडीवर उभी आहे. जाग राखणारं चेतापेशींचं जाळं मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागात असतं. मोरुझ्झी आणि मॅगून या संशोधकांनी ते १९४९ साली दाखवून दिलं. भानासाठी मात्र मेंदूचं बाहेरचं कवच, आतला थॅलॅमस (कवचाकडे जाणाऱ्या संदेशांचं जंक्शन) आणि त्यांना जोडणारे लांबच लांब तंतू, हे सगळं शाबूत लागतं.

भान हरपण्याची एक वाट म्हणजे हे तंतू निकामी होणं. ते कसं होतं हे सांगायला ‘मुका मार’ याच्याइतका चपखल शब्द नाही. दुचाकी वेगात असताना डोकं झटक्यात थांबतं किंवा गर्रकन फिरतं. कवटी फुटत नाही, पण आतला मऊ मेंदू पिळवटतो आणि तंतू ताणले जातात. बरेचसे त्या क्षणी तुटत नाहीत, काही तासांत सुजून मग तुटतात. म्हणून पहिल्या सीटीत फारसं काही दिसत नाही आणि घरचे विचारतात, ‘रिपोर्ट चांगला आहे, मग उठत का नाहीत?’ एमआरआयमध्ये तो मार जास्त नीट दिसतो.

दुसरी वाट दाबाची. कवटी ही बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि पाणी. यातलं एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. आतला दाब साधारण ५ ते १५ मिलिमीटर पारा असतो. २२ च्या वर टिकला की उपचार करावेच लागतात. सूज किंवा गाठ मेंदूला खाली ढकलते, देठ दबतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचलं, तर माणूस आधी उठून बोलतो, ‘काही झालं नाही’ म्हणून घरीही जातो आणि काही तासांत कोसळतो. तिसरी वाट म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडणं.

आता ‘कोमा’. मूळ ग्रीक, अर्थ गाढ झोप. पण या झोपेतून उठवता येत नाही: चिमटा काढला तरी डोळे उघडत नाहीत, म्हणजे जाग नाही आणि भानही नाही. डॉक्टर ‘जीसीएस ६’ म्हणतात तो ‘ग्लासगो कोमा स्केल’, ग्लासगोत १९७४ साली मांडलेला शुद्धी मोजण्याचा तक्ता. आज त्यात डोळ्यांना ४ पैकी, बोलण्याला ५ पैकी, हालचालीला ६ पैकी गुण. किमान ३ (शून्य नाही), कमाल १५; ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. औषध देऊन झोपवलं असेल तर त्याला ‘गुंगीत ठेवलंय’ म्हणावं, ‘कोमात गेलाय’ नव्हे.

खरा कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांहून जास्त टिकत नाही. तोवर जगलेला माणूस बहुधा डोळे उघडतो. घोटाळा इथेच होतो. ‘कोमातून बाहेर आला’ याचा अर्थ जाग आली, एवढाच. भान आलं असेलच असं नाही. डोळे उघडतात-मिटतात, जांभई येते, पण समोरच्या कशाचीच दखल नाही, ही ती ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्था. मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल ‘४२ वर्षं कोमात’ असं सर्रास लिहिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात मात्र अवस्था हीच नोंदली आहे, कोमा नव्हे. जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी १९७२ साली हे नाव दिलं तेव्हा रोख श्वास, पचन, झोप-जाग या आपोआप चालणाऱ्या क्रियांवर होता, भाजीपाल्यावर नव्हे. २०१० साली युरोपातल्या तज्ज्ञांनी नावच बदलून ‘प्रतिसादहीन जागृती’ अशा अर्थाचं सुचवलं. मी ‘भानरहित जाग’ म्हणेन. ‘बेभान’ चालणार नाही. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशाच्या तालात नाचणाऱ्यांनी तो कधीच घेऊन टाकला आहे.

भान मधूनमधून, थोडं पण नक्की दिसत असेल तर ‘अल्पभान’. हा फरक ओळखणं फार अवघड. म्हणून तपासणी वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा करतात. ‘हात दाबा’ हा हुकूम फसवा, कारण तळव्याला स्पर्श झाला की मूठ आपोआप मिटू शकते. ‘अंगठा वर करा’ किंवा ‘हात सोडा’ बरं. नजर फिरते का ते पाहायला हातातला आरसा चेहऱ्यासमोर सावकाश सरकवतात. बोट किंवा टॉर्चपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जास्त जाते. आणि हाक ‘ओ काका’ अशी नको, घरात ज्या नावाने मारतात त्याच नावाने मारावी.

उरला ‘मेंदूमृत’. ही कोमाची शेवटची पायरी नाही. मेंदूच्या देठाचं काम कायमचं थांबलेलं असतं, हा मृत्यूच आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो प्रमाणित करतात. व्हेंटिलेटर थांबवल्यावर आपला श्वास सुरू होतो का, हेही पाहतात. म्हणून ‘मेंदूमृत रुग्णाचा अवयवदानानंतर मृत्यू’ हे वाक्य चूक आहे. ‘मेंदूमृत्यूनंतर अवयवदान’ एवढंच लिहावं.