‘लोक अभियोजक’ म्हणजे माझा वकील का?

तुम्ही विचारलंय की मारहाणीच्या खटल्यात फिर्यादी म्हणून इंदूरच्या सत्र न्यायालयात साक्षीला यायचंय, कागदावर ‘लोक अभियोजक’ लिहिलंय. हा महाराष्ट्रातला सरकारी अभियोक्ताच का, आणि तो तुमचा वकील का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

मी इथल्या जिल्हा कोर्टात वकिली करते. घरात मराठी, कोर्टात हिंदी, त्यामुळे हा घोळ रोजचाच. ‘लोक’ शब्दानं माणूस फसतो. खटल्याचं नाव वाचा: ‘मध्यप्रदेश शासन विरुद्ध अमुक’. लढतंय शासन, वकील शासनाचा. तुम्ही साक्षीदार, बहुधा ‘अ.सा. १’, म्हणजे अभियोजन साक्षी क्रमांक एक. पुण्याहून आलेल्या माझ्या एका काकूंनी तर अभियोजकांच्या हातात चिवड्याचा डबा ठेवून फी विचारली होती! ते बिचारे म्हणाले, “माताजी, मैं शासन की ओर से हूं.” डबा मात्र ठेवून घेतला.

मॅजिस्ट्रेटसमोर असतात ते एडीपीओ, म्हणजे सहायक जिल्हा अभियोजन अधिकारी, पगारी सरकारी अधिकारी. लोक अभियोजक नेमायचा तर वकिलीची किमान ७ वर्षं लागतात.

आणखी एक खड्डा: अभियोक्ता म्हणजे खटला चालवणारा, अभियुक्त म्हणजे ज्याच्यावर खटला चालतो तो. धातू एकच, बाजू उलट. माझ्या ज्युनिअरनं एकदा मराठी तर्जुम्यात सरकारी वकिलांनाच ‘अभियुक्त’ करून टाकलं. नशीब, कागद माझ्या टेबलावरच अडला.

अभियोजकानं वाट्टेल ते करून शिक्षा मिळवायची, असंही नाही. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय: आरोपीच्या बाजूचं काही असेल तर तेही त्यानं दडवायचं नाही. फिर्यादींना हे पचत नाही, पण मला पटतं.

तुम्हाला स्वतःचा वकील द्यायचाच असेल, तर कोर्टाच्या परवानगीनं मदतीला देता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १८ मध्ये ती सोय आहे, जुन्या कायद्यातही होती. पण तुमची सरतपासणी, म्हणजे साक्षीत सुरुवातीला विचारायचे प्रश्न, अभियोजकच घेणार. तुमचा वकील त्यांच्या सांगण्यानुसार चालणार, आणि पुरावा संपल्यावर परवानगी मिळाली तर लेखी युक्तिवाद देणार.

तारखेला जरा लवकर या. अभियोजकांना गाठून “आप मेरे वकील हैं ना?” विचारू नका. खटला क्रमांक सांगा आणि “मैं फरियादी हूं, आज मेरी गवाही है” म्हणा. लगेच फाईल काढतील.