सांडलेलं पाणी आणि 'जनसुनावणी'चा हट्ट

फोंड्याहून प्रश्न आलाय. परदेशातल्या शहरांनी सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरण्याआधी लोकांची मतं कशी घेतली, यावर एकजण मराठीत टिपण लिहितायत. या सगळ्या खटाटोपाला 'जनसुनावणी' म्हणायचं का, आणि त्या पाण्याला काय म्हणायचं?

जनसुनावणी म्हणू नका. हल्ली चार माणसं माइकसमोर बोलली की झाली जनसुनावणी! प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याबाबतच्या केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेतसुद्धा लोकांचं म्हणणं घेण्याचे दोन भाग आहेत: जागेवर होते ती सुनावणी आणि लेखी हरकती-सूचना. सुनावणी हा एक तुकडा झाला. खाणपट्ट्यांच्या सुनावण्यांना बसलेल्या गोंयकाराला हे शिकवायला नको. शिवाय आपल्याकडे शिक्षा सुनावतात, सासू सुनेला सुनावते. लोकांचं ऐकायचं असेल तर साधं 'लोकांशी सल्लामसलत' म्हणा.

आता 'सांडपाणी'. काही जाणकार हे 'संडासपाणी'चं आखूड रूप आहे असं छातीठोकपणे सांगतात. कान पकडावे तरी किती वेळा! न्हाणीचं पाणी पन्हळीतून केळीच्या बुंध्याशी सोडत, तेही सांडपाणीच होतं, आणि त्यात संडासाचा थेंब नसे. त्या दुसऱ्याला 'मैलापाणी' असा स्वच्छ शब्द आहे.

मूळ आहे संस्कृत 'छर्द्', म्हणजे ओकणे, बाहेर टाकणे. प्राकृतात त्याचं 'छड्ड', 'छंड' झालं आणि मराठीत छ चा स झाला, जसा 'छुरिका'चा 'सुरी' करताना झाला. हिंदीतलं 'छाँड़ना' याचंच भावंड. जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे सोडून देणे: ज्ञानेश्वरीत 'जीर्ण वस्त्र सांडिजे' आहे, तिथे कुणी वस्त्र फरशीवर ओतत नाही. सांडपाणी म्हणजे नुसतं ओघळलेलं नव्हे, आपण टाकलेलं पाणी. टाकलेलं परत घ्यायचं नाही, आणि ओकलेलं तर नाहीच! माझं तर ठाम मत आहे की अशा योजनेला होणारा निम्मा विरोध या शब्दातच भरलेला असतो, पुढे अभियंते कितीही आलेख दाखवोत.

ऑस्ट्रेलियात टूवूम्बा शहराने 2006 मध्ये यावर सार्वमत घेतलं, सुमारे 62 टक्के लोकांनी नकार दिला. विरोधकांनी प्रचारात मैलापाण्याचंच नाव पुढे ठेवलं होतं. सिंगापूरने सरकारी भाषेतून 'वाया गेलेलं पाणी' काढून 'वापरलेलं पाणी' आणलं आणि शुद्ध झालेल्याला 'न्यूवॉटर' हे नाव दिलं. नुसत्या नावाने पाणी शुद्ध होत नाही, तिथे सूक्ष्म गाळणी, उलट परासरण (म्हणजे दाब देऊन अतिबारीक पडद्यातून पाणी काढणं) आणि अतिनील किरण आहेतच. ते पाणी बहुतेक कारखान्यांना जातं, थोडं धरणांत सोडतात. नामिबियात विंडहुकमध्ये मात्र 1968 पासून शुद्ध केलेलं पाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात.

गंमत अशी की आपल्या गोव्यातच 'सांडणे' या क्रियापदाला दुसरी वाट फुटलीय. कोंकणीत 'चावी सांडली' म्हणजे ओतली नव्हे, टाकलीही नव्हे, हरवली. हरवलेलं मेळूं शकतं! म्हणून म्हणतो, ओपाच्या नाहीतर साळावलीच्या जलप्रकल्पाचं पाणी पिणाऱ्या गोंयकारांपुढे कधी हा विषय आला, तर मराठीपेक्षा कोंकणी कानाला 'सांडलेलं पाणी' कमी खुपेल. आमच्या कोशप्रेमी मित्रांना हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटतो. वाटू दे, त्यांना 'संडासपाणी' सरळ वाटतं.

हां, तुमचं पाणी. 'फेरमतदान', 'फेरविचार' चालतात, तर 'फेरपाणी' का नको? पण मूळ पाण्यात मैलापाणी आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर सभेत पहिला प्रश्न तोच येईल. आणि 'पुनर्चक्रित' तर अजिबात नको. च पुढे आला की 'पुनश्च' होतं, तसं ते 'पुनश्चक्रित' व्हायला हवं, आणि हे शुद्ध रूप एकदा मोठ्याने म्हणून बघा.