पॅच मेलनं पाठवला की त्याची तारीख का बदलते?

तुमचं म्हणणं असं की गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, रविवारी रात्री केलं, आणि त्या कमिटची पॅच-फाइल बनवणाऱ्या फॉरमॅट-पॅच कमांडनं काढलेल्या फाइलीतही तारीख रविवारचीच होती. मंगळवारी ती फाइल मेल करणाऱ्या गिट सेंड-ईमेलनं पाठवली, आणि आता मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, तुमच्या नावासमोर मंगळवार दिसतोय. त्यांनी बदलली का?

नाही हो, त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. तारीख तुमच्याच लॅपटॉपवर बदलली, मेल निघता निघता. इथे इंदुरात रामबागेत कॉलेजची मुलं माझ्याकडे गिट शिकायला येतात, पहिला पॅच गेला की तीही याच गोष्टीवरून मेंटेनरवर चिडतात.

गिट प्रत्येक कमिटमध्ये दोन तारखा ठेवतं. ऑथरची, म्हणजे बदल लिहिला तेव्हाची, आणि कमिटरची, म्हणजे तो त्या रिपॉझिटरीत बसवला तेव्हाची. फॉरमॅट-पॅच यातली ऑथरची तारीख फाइलीच्या 'डेट' हेडरमध्ये (हेडर म्हणजे मेलच्या मजकुरावरच्या माहितीच्या ओळी) लिहितं. सेंड-ईमेल मात्र तीच फाइल वाचताना बाकीचे हेडर पुढे नेतं आणि 'डेट'ची ओळ सोडून देतं. तिच्या जागी पाठवतानाची वेळ येते. पलीकडे मेलमधला पॅच रिपॉझिटरीत बसवणारं गिट एएम मेलचं 'डेट' हेडर बघतं आणि त्यालाच ऑथरची तारीख मानतं.

हे मुद्दाम केलंय, आणि मला ते पटतं. अमेंड (शेवटचं कमिट दुरुस्त करणं) किंवा रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा बसवणं) केलं तरी ऑथरची तारीख जुनीच राहते. तीन महिने घोळवलेला पॅच तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेनं गेला, तर तारखेनं लावलेल्या इनबॉक्सात तो पार तळाशी जाऊन बसेल. वाचणार कोण? शिवाय मालिकेचा क्रम सांभाळायचा असतो. पाच पॅच एकदम निघाले तर सेंड-ईमेल पहिल्यावर आत्तापेक्षा चार सेकंद मागची वेळ घालतं, पुढे एकेक सेकंद वाढवत जातं, म्हणजे पाचव्यावर आत्ताची वेळ येते. मेल मागेपुढे पोचले तरी तारखेनं लावल्यावर ओळीत बसतात. तुमच्या मालिकेचे हेडर उघडून बघा, सेकंद ओळीनं वाढलेले दिसतील.

फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीत लांबलचक हॅशनंतर (कमिटच्या ओळख-क्रमांकानंतर) 17 सप्टेंबर 2001 दिसेल, त्यानं बिचकू नका. गिटचा जन्मच 2005 चा! ती तारीख सगळ्याच पॅचवर तीच असते. ही खरी मेलबॉक्स नसून फॉरमॅट-पॅचची फाइल आहे, हे इतर प्रोग्रॅमना ओळखता यावं म्हणून ती ठेवलीय.

मूळ तारीख टिकवायचीच असेल तर मेलच्या मजकुराची सुरुवातच 'डेट'च्या ओळीनं करा आणि तिच्याखाली एक ओळ रिकामी सोडा. फॉरमॅट-पॅचच्या फाइलीत हेडर संपून जी कोरी ओळ येते, तिच्या लगेच खाली. गिट एएम मजकुराच्या सुरुवातीची 'फ्रॉम', 'सब्जेक्ट' आणि 'डेट' ही ओळ हेडरपेक्षा वरचढ मानतं. दुसऱ्याचा पॅच तुम्ही पाठवलात तर 'फ्रॉम'ची ओळ सेंड-ईमेल आपणहून घालतं, 'डेट'ची घालत नाही. ती हातानंच लिहावी लागते. किंवा फाइल साध्या मेलला अटॅच करून द्या. समोरच्यानं ती फाइल उतरवून थेट गिट एएमला दिली तर आतली तारीख तशीच राहते. पण मेलवर पॅच घेणारे बरेच मेंटेनर अटॅचमेंट बघून वैतागतात, कारण ओळीखाली उत्तर लिहिता येत नाही.

मी स्वतः यातलं काहीच करत नाही. काम आधी कोणी केलं याचा पुरावा म्हणून तारीख हवी असेल, तर ऑथरची तारीख त्यासाठी उपयोगाची नाही, कमिट करताना कोणीही हवी ती घालू शकतो.

शेवटचं, टाइमझोन. इंदुरातल्या सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून खाऊन येऊन सोमवारी पहाटे दीडला कमिट केलंत, तर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ते रविवारी रात्री आठचं ठरतं. त्यामुळे तारीख एका दिवसानंच हललेली दिसली तर आधी तारखेच्या शेवटचं +0530 (यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणजे भारतीय वेळ) तपासा, आणि गिट लॉग 'प्रिटी=फुलर' लावून चालवा, म्हणजे दोन्ही तारखा एकाखाली एक दिसतात. 'सिन्स' (अमुक तारखेपासूनची कमिट) लावून शोधताना मात्र गिट कमिटरची तारीख धरतं, ऑथरची नाही.